वजन तेच

गुणवंत मानकरनं बापाच्या कटिंगच्या दुकानातून
तुरटीचा खडा आणला, एक कोपरा तुटलेला.
ढोक मॅडमनी डिस्टिल्ड पाण्यात तुरटी विरघळवली,
चमचा, पुन्हा चमचा,
पाणी पुरे म्हणेस्तोवर,
आणि पुरे म्हटल्यावरही तळाशी थोडी ठेवली, पुरावा म्हणून.
मग दोऱ्याला बांधून खडा आत सोडला.
काकू, म्हणाल्या, रोज याचं वजन घ्या.

माझं काम परीक्षानळ्या धुण्याचं.
वजनकाटा पुसायचा, वापरायचा नाही,
अशी अकरा वर्षं.
आता वहीत माझं अक्षर:
सोमवार, चौदा ग्रॅम दोन दशांश.
मंगळवार, तेच.
बुधवार, तेच.
गुरुवारी लाइन नव्हती.
शुक्रवार, तेच.

मॅडम, प्रयोग मेला, पोरं म्हणाली.
मॅडम नुसत्या हसल्या.
ऊन लागू नये म्हणून कपाटात चंचुपात्र,
वर काचेचं झाकण, आत
काही न होणारं पाणी.

मी वरुडकडची. लग्न होऊन
पूर्णेकाठच्या या खारपाणपट्ट्यात आले,
आणि पहिल्याच दिवशी तुरीची डाळ
तीन तास चुलीवर, दाणा दाण्याला ओळख देईना.
सासू म्हणाली, "खारं पानी हाय माय,
याच्यात डाय नाई शिजत."
हंड्याला आतून पांढरी साल धरायची,
ती मी विळ्याच्या पाठीनं खरवडायची.
घरात आधीच चार जावा.
मॅडम परवा फळ्यावर शिकवत होत्या,
पाण्यात ज्या जातीचे कण आधीच दाटलेत
त्या जातीचा नवा क्षार कमी विरघळतो,
तळाशी बसून राहतो.
मी मागं नळ्या विसळत होते.
हसू आलं. नळी हातातून निसटता निसटता राहिली.
दोन वर्षं बसले होते तशी,
स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी.

एकविसाव्या दिवशी खडा टिपकागदावर घेतला
तर बोटाला काही टोचलं.
तुटलेला कोपरा
भरून आला होता, धारदार,
आरशासारखी एक बाजू चमकत होती.
काट्यावर ठेवला. चौदा ग्रॅम दोन दशांश.
पुन्हा ठेवला. काटा पुसून पुन्हा.

मॅडमना बोलावलं.
त्या म्हणाल्या, काकू, हे पाणी कधीच थांबलं नव्हतं.
जेवढे कण खड्यातून सुटत होते
तेवढेच परत येऊन चिकटत होते, दर क्षणाला.
हिशेब बरोबर जुळला
की बाहेरून वाटतं, काही घडलंच नाही.
मी विचारलं, मग यातली मानकरच्या दुकानातली तुरटी कोणती
आणि तुमच्या डब्यातली कोणती?
त्या खडा उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिल्या.
आता ते तुरटीलाही सांगता यायचं नाही, म्हणाल्या.

मागच्या दिवाळीत भावाकडे गेले होते.
विहिरीवरूनच तांब्या तोंडाला लावला,
गोड पाणी, लहानपणीचं,
आणि जिभेला ते फिकं लागलं.
वहिनीला म्हटलं नाही.
वहिनी म्हणाली, अक्का, तुम्ही आहात तशाच आहात.
मीही हो म्हटलं.

वहीत शेवटची नोंद केली. वजन तेच.
शेरा लिहायला रकाना होता,
पेन टेकवून ठेवलं तर शाईचा ठिपका पसरला,
मग तसाच राहू दिला.

खडा गुणवंत घेऊन गेला. बाप विचारत होता म्हणे,
दुकानात दुसरा नाही.
संध्याकाळी बाजारहून येताना पाहिलं,
खुर्चीत कुणी मान टाकून बसलेला,
गालावर वस्तऱ्याची बारीक रेघ,
आणि मानकर तो नवा कोपरा
ओला करून तिच्यावर फिरवत होता.
माणूस म्हणाला, "हळू ना बाप्पा, झोंबते."