निळ्या

मुजावरांच्या टीव्हीला चित्र होतं, आवाज नव्हता.
स्पीकर कधीचा जळलेला,
आणि दुरुस्तीचे पैसे दर महिन्याला
दुसऱ्याच कुठल्या वाटेनं जायचे.

शुक्रवार पेठेतली आम्ही पाच जणं
रविवारी साडेनऊला त्यांच्या चटईवर.
चपला पायरीवर, हनुवट्या गुडघ्यांवर.

तो उडायचा.
उजवी मूठ पुढे, झगा मागे,
खाली तेच ते शहर, त्याच पिवळ्या खिडक्या,
आणि एकच लाल ट्रक, एका भागात तीनदा जाणारा.
आम्ही मोजला होता.
त्याचं खरं नाव इंग्रजीत यायचं नि वाचेपर्यंत जायचं.
अंगभर निळा, म्हणून निळ्या.
लोखंड खाणारा तो दुसरा, गंज्या.

निळ्याचं तोंड हलायचं
आणि कपाटाला टेकून दस्तगीर बोलायचा:
"थांब रं मर्दा, आलोच!
आधी पंचगंगेवरनं एक चक्कर मारतो."
गंज्या हसायला लागला की
"दात बघ की लका ह्याचं, मिसरी लावतंय वाटतं."
आम्ही इतकं हसायचो
की मारामारी निम्मी निसटायची.

मला एकच पात्र मिळालं, पंखवाली.
तिला दस्तगीरनं वाक्यही एकच दिलं:
"हिकडं बघ!"
ते मी आठवडाभर घासून ठेवायचे,
नळावर, शाळेत, दळणाच्या रांगेत.

एका रविवारी निळ्या मनोऱ्यावर नुसता बसला.
गंज्या नाही, ट्रक नाही.
तोंड मिटलेलं, खांदे वरखाली होतायत, एवढंच.
आम्ही दस्तगीरकडे पाहिलं.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "त्याच्या बाची गिरण बंद पडलीया.
घरी जायला नको वाटतंय त्याला."
आत त्याची आई भांडी लावत होती.
भांड्यांचा आवाज थांबला.

तो टीव्ही पुढं महापुरात गेला.
आम्हीही गेलो, ज्याला जिकडं नेलं तिकडं.

आता मी उद्यमनगरात, तपासणीच्या टेबलावर.
व्हर्निअर लावायचा, आकडा लिहायचा,
केसभर जास्त भरलं तर लाल खूण.
गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत
फोनवर सापडले, सगळे बावन्न भाग. आवाजासकट.

निळ्याचा आवाज भरदार निघाला,
बातम्या सांगणाऱ्यासारखा.
तो न्यायाबद्दल बोलतो. फार बोलतो.
पंखवाली त्याची बहीण आहे म्हणे,
आणि तिला पानभर संवाद आहेत,
त्यांत "हिकडं बघ" कुठंच नाही.
मनोऱ्यावर व्हायोलिनं वाजतात,
आपण रडावं म्हणून.

राग आला. मग पुन्हा लावलं.
खांद्याची ती रेष, तीच:
दर चित्रात किंचित हललेली,
एकदा आत, एकदा बाहेर.
कुठल्यातरी माणसानं, कुठल्यातरी देशात,
पेन्सिलीनं एक श्वास काढलाय, शंभरदा.
माझ्या मापात ती रेष बसत नाही.
लाल खूण मात्र करवेना.

दस्तगीर कागलला मोटारी भरतो, पाण्याच्या.
फोन लावला. सगळं सांगितलं,
खरं नाव, बहीण, व्हायोलिनं.
"आदी आवाज बंद कर त्याचा," म्हणाला.

केला. फोन डब्याला टेकवून उभा केला.
दुसरा फोन बेंडकेबाईंचा, त्यात दस्तगीर,
दम लागलेला, आवाज जाड झालेला:
"काय दिसतंय? बसलाय का अजून?"
"बसलाय."
"बसू दे जरा."

बेंडकेबाई भाकरी तशीच धरून बघत होत्या.
एकची घंटा झाली. कुणी उठलं नाही.
निळ्या उभा राहिला, मूठ पुढे केली,
मागनं पंखवाली आली, तोंड उघडलं.

"हिकडं बघ," मी म्हणाले.