चारशे मिलिसेकंद

महाराणी रोडवर जुजरभाईंच्या काउंटरखाली
स्टीलच्या डब्यात, मोहरी-जिऱ्यासारखे, सुटे डोळे असतात.
काळे, तीन पायांचे, करंगळीच्या नखाएवढे.
"चालीस रुपया. धूप से बचाना, मॅडम," ते म्हणाले
आणि कागदाच्या पुडीत एक बांधून दिला,
इंदुरात शेव बांधतात तसा.

लांभाते सरांचा हात आता थांबत नाही.
सेकंदाला पाच वेळा; मी मोजलं आहे.
चहा बशीत येतो, सही तीन ओळी खाते,
कीबोर्डवर बोट ठेवलं की
नर्मदेचे दगड धडाधड पुढे पळतात,
चाळीस वर्षांचे दगड, दोनशे चौदा स्लाइड.
"व्याख्यान शेवटचं," सर म्हणाले, "पण बटण मीच दाबणार."
टीव्ही गेल्या दिवाळीत गेला होता. रिमोट उरला होता,
पाठीला रबरबँड, पाचचा आकडा पुसलेला.

तर आधी ऐकायला शिकले.
रिमोट बोलतो ते दिसत नाही;
मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं
तर टोकाशी जांभळट उजेड फडफडतो.
आधी लांब हाक, नऊ मिलिसेकंदांची. मग श्वास.
मग स्वतःचा पत्ता, आणि लगेच त्या पत्त्याचं उलटं.
मग आज्ञा. मग आज्ञेचंही उलटं.
हो म्हटलं की नाहीसुद्धा म्हणून दाखवायचं,
दोन्ही जुळलं तरच ऐकणाऱ्याने खरं मानायचं.
मला हे आवडलं.
आमच्या घरात कुणी इतकं नीट बोलत नाही.

आवाज वाढवा म्हणजे पुढची स्लाइड.
आवाज कमी म्हणजे मागची.
अंगठ्याएवढा बोर्ड लॅपटॉपला खोचला,
त्याने काही विचारलंही नाही,
कीबोर्ड म्हणून घरात घेतलं:
एकही बटण नसलेला,
कुणी कधी न बडवलेला कीबोर्ड.

राहिला कंप.
एकदा दाबलं की सातदा दाबल्याचं येई.
मी लिहिलं: एक ऐक.
पुढच्या चारशे मिलिसेकंदांत जे येईल
ते हात आहे, सर नव्हेत. सोडून दे.
आणि सोडलंस की घड्याळ पुन्हा शून्यावर.
रात्री दीडला चाललं. सुदामानगरात कुत्री भुंकत होती,
ओट्यावर सोल्डरचा वास
आणि सकाळच्या पोह्यांसाठी निवडून ठेवलेली कोथिंबीर.

व्याख्यान झालं. पंचेचाळीस माणसं होती.
मध्येच कुणीतरी पंख्याचा रिमोट दाबला,
पत्ता वेगळा; बोर्ड ढिम्म.
मी पश्चिमेच्या खिडकीचा पडदा
दोन्ही हातांनी धरून उभी होते, ऊन आत येऊ नये म्हणून.
सर काय बोलले ते फारसं ऐकलं नाही.

घरी येऊन नोंद उघडली.
दाबलं, सोडलं, सोडलं, दाबलं, सोडलं,
साठपर्यंत सगळं सुरळीत.
एकसष्टवरून सर बासष्टला गेले
आणि परत आले.
मग चार मिनिटं नुसतं
सोडलं सोडलं सोडलं,
अकराशे ब्याऐंशी वेळा.

एकसष्ट उघडून पाहिली.
भेडाघाटचा संगमरवर, त्यातून गेलेली तांबूस शीर,
आणि मापासाठी
(हातोडी घरी राहिली असावी)
दगडावर ठेवलेला एका बाईचा हात.
दोन हिरव्या बांगड्या. करंगळीला शाई.

हात, की सर?
कोडमध्ये मी अजून काही बदललेलं नाही.