मधलं नाव

सेकंदाला नव्व्याण्णव वेळा मी कर्नलला अडवतो
आणि विचारतो, तुला कोणी बोलावलं? आणि त्याला?
तो नावं सांगत जातो,
पडद्यावर कवेलूंसारखी एकावर एक चढतात.

चार दिवस हिशोब जुळत नव्हता.
तापणाऱ्या फंक्शनच्या मागं थेट आजा दिसायचा.
बाप गायब.
मी आज्याचाच कोड कुरतडत बसलो.
बाहेर सेहेचाळीस डिग्री, इन्व्हर्टर टुंटुं करतोय.

दुपारी दारात सुगत.
"दादा, बारा नंबरचा पाना."
कोनं धाडलं बे?
"आबानं."
आबा तर सकाळच्या गाडीनंच पुलगावला गेलेले.
पोरगं गोंधळलं, एक पाय उंबऱ्यात,
दुसरा पोळत होता बाहेरच्या फरशीवर.
मूठ उघड, म्हटलं.
घामानं भिजलेलं वहीचं पान,
मायचं अक्षर: पंपाचा नट ढिला झाला.
आबा सांगून गेले, वांग्याले पाणी दे.
पंप अडला तो तिच्यापाशी,
आणि पोराच्या तोंडी तीच नव्हती.

त्याची काय चूक?
मीच त्याला उंबऱ्यावर गाठलं.
फंक्शन आत शिरलं की आधी गाठ मारतं,
कुठून आलो त्याची खूण.
गाठीआधीच विचारलं
तर हाती लागते बोलावणाऱ्याची जुनी गाठ,
ती दाखवते त्याच्याही मागच्याकडे.
चिठ्ठी मात्र मुठीत असतेच,
निघतानाच दिलेली.

रात्री लाईन आल्यावर पॅच लिहिला, सोळा ओळी.
आधी पाऊल बघ.
उंबऱ्यात असेल तर गाठीचं ऐकू नको, मूठ उघड.
परततानाही तेच, तेव्हा गाठ सुटलेली असते.

पुन्हा मोजलं.
आज्याच्या आणि नातवाच्या मध्ये
एक रुंद पट्टी उगवली,
कुणी कधी न उघडलेली फाईल.
सगळा ताप तिथं.

पॅचखाली एक ओळ असते: चूक कोणी दाखवली.
तिथं थांबलो.
अख्खं गाव तिला सुगतची माय म्हणतं, मीही.

सकाळी गेलो. पंप चालू होता,
ती कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेली.
"नाव कायले पाह्यजे?"
कामाचं आहे, म्हटलं.
"पंचशीला."
आणि मधलं?
तिनं पाना माझ्या हातात ठेवला.
"नुसतंच लिव्हा."