घर कुठून सुरू होतं

आडनावच फिरके,
म्हणून फैजपुरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही.
फक्त शेजारच्या सुलूवहिनी दर जूनमध्ये विचारायच्या,
"इतकं पेट्रोल जाळून आनलं काय वं?"
मी कोणार्कच्या वाळूची पुडी दाखवायची
किंवा जैसलमेरकडचं जिरं.
त्या जिरं ठेवून घ्यायच्या.

सावद्याच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली आठशे,
निळी, डाव्या दाराला पोचा.
माझ्या शाळेला सुट्टी लागली
की लीलाधर चारही टायरांवर बुक्की मारून बघायचे,
मी दशम्या बांधायची, ठेचा, उडदाचे पापड,
आणि एक स्टो, जो वाटेत कधीच धड पेटला नाही.

मागच्या सीटवर बसणारं कुणी नव्हतं.
पहिली दोन वर्षं आम्ही त्याबद्दल बोललो.
तिसऱ्या वर्षी तिथं माठ ठेवला,
ओल्या गोणपाटात, जुन्या लुगड्यानं सीटला बांधून.
वळणावर तो डुचमळला
की दोघंही एकदमच मागं बघायचो.

वही माझ्याकडे.
किलोमीटर, पेट्रोल, चहा, पंक्चर.
भद्राचलमच्या अलीकडे रेडिएटर फुटला, चारशे दहा रुपये.
कारवारला भांडण. कारण लिहिलेलं नाही.
दुसऱ्या दिवशीची नोंद: समुद्र बरा होता.

एक भांडण मात्र वहीत कधीच घेतलं नाही,
ते दर खेपेला व्हायचं, परतीच्या वाटेवर, ठरल्या जागी.
दक्षिणेतून येताना अजिंठ्याचा घाट उतरला
की ते काच खाली करायचे,
भट्टीचं दार उघडावं तशी झळ आत,
आणि हे खूश.
"आलं वं घर."
कुठे आलं? अजून पहूर यायचंय, जामनेर यायचंय.
तापी ओलांडल्याशिवाय मी घर मानत नाही.
पुलापलीकडे केळीची पहिली बाग लागते,
रात्रीचं पाणी प्यालेल्या मातीचा वास येतो,
तिथून.
"तू घराला फार उशिरा पोचतेस."
"तुम्ही फार लवकर."
असे तेवीस उन्हाळे.

यंदा हंपीला गेलो.
गाडी दुसरी. तिच्यात थंड हवा, माठाचं काम नाही.
गेल्या दिवाळीत डॉक्टर म्हणाले, काचबिंदू.
हे हसले.
"आयुष्यभर काचेतून बघितलं,
तिथंच बिंदू आला."
मग साखर कारखान्याच्या रिकाम्या आवारात
छप्पन्नाव्या वर्षी मी क्लच शिकले,
आणि ते डावीकडे बसून
नसलेला ब्रेक दाबत राहिले, पार हंपीपर्यंत,
पार हंपीहून परत.

घाट मी उतरवला. रात्रीचे अकरा.
शेवटचं वळण संपलं, मी वाट पाहिली.
काच खाली झाली नाही.
मग माझ्याकडच्या बटणानं मीच त्यांच्या बाजूची उतरवली.
झळ आली. तीच.
त्यांचे केस उडाले. जागे होते.
"बोला ना," मी म्हटलं.
"आता चालवणारीनं सांगायचं."

पहूर गेलं. जामनेर गेलं.
भुसावळात एक चहा, तोही निम्मा.
इतकी वर्षं मला जिंकायचं होतं,
आणि आता जिंकण्याइतकं कुणी भांडतच नव्हतं.

पुलावर चाकांखाली सांधे वाजू लागले,
टपक, टपक,
त्यांचा हात गिअरवर आला, माझ्या हातावर,
सवयीनं, आणि मग तिथंच राहिला.
"लाईट अप्पर कर.
केळी दिसतात का बघ."
समोर अंधार होता,
एका ट्रकचा लाल दिवा, एक मोडका फलक.
"दिसतात," मी म्हटलं.
"मग आलं."
आणि लगेच,
"सावकाश. इथं म्हशी बसतात रस्त्यात."