चालू असेल तर साठ

चालू असेल तर साठ, बंद असेल तर बावीस,
फोनवर एवढंच बोलून गिऱ्हाईक म्हणालं, पाचला येतो.
आत्ता दोन. पाथर्डी फाट्यावर ऊन असं
की कव्हर ओढायला गेले
तर कव्हराचेच तुकडे हातात आले.

चौदा महिने उभी आहे गाडी,
यांच्या डोळ्यांतलं मधलं दिसणं गेलं तेव्हापासून.
कडेकडेचं दिसतं अजून.
चेहरा नाही, पण माझा कान दिसतो,
रस्ता नाही, पण रस्त्याकडेचा रसवाला.

मी स्टिअरिंगवर बसले.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा उजव्या बाजूला.
क्लचपर्यंत पाय पुरेना. सीट पुढे ओढली
तर खालून निघाली घोटीच्या टोलची पावती,
एक गोटी, आणि सुपारीची पुडी,
जी सोडल्याची यांनी माझी शपथ घेतली होती.
मी काही बोलले नाही. किल्ली फिरवली.

टक्.

हे बाहेर स्टुलावर, मान बॉनेटकडे कलती.
"पुन्हा."
टक् टक् टक् टक्.
"एकच टक् असतं तर स्टार्टर. ही बॅटरी उतरलीय."
सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं
यांनी नोझल कानाने पास केले.
चांगला नोझल कुरकुरतो म्हणे,
मुका निघाला की तो बाजूला.
घरात मी मुकी बसले की काय बिघडलंय
ते यांना कधी ऐकू आलं नाही,
ते वेगळं.

टर्मिनलवर हिरवट पांढरा फेस धरलेला.
गरम पाणी, खायचा सोडा, माझा जुना टूथब्रश.
खैरनारांचा निनाद वायरी घेऊन आला,
त्याची गाडी आमच्या गाडीच्या नाकाला नाक लावून.
"लाल आधी. काळी शेवटी,
आणि ती बॅटरीला नको, इंजिनाच्या लोखंडाला."
हे हवेत बोट दाखवत होते.
बोट बरोबर जागेवर होतं.

आता घरघर आली. लांब, कोरडी,
आणि धरेना.
निनाद म्हणाला, पेट्रोल शिळं झालं असेल, काका.
शिळं नंतर, हे म्हणाले, आधी सगळे गप्प बसा.
किल्ली अर्धीच फिरव.
मी अर्धीच फिरवली.
वर कुणाचा तरी कुकर, गेटशी पाण्याचा टँकर.
यांनी हात वर केला
आणि टँकरवाल्यानेही मोटर बंद केली, का कोण जाणे.
"मागच्या सीटखाली दोन सेकंद गुणगुणायला हवं.
नाही गुणगुणत. पंपाला करंट नाही."

फ्यूज चांगला होता. वायर उंदराने खाल्लेली.
एअर फिल्टरच्या डब्यात उंदरीण बाळंत होऊन गेली होती:
द्राक्षांच्या पेटीतला कागद, शेंगांची टरफलं,
आमच्याच सोफ्याचा कापूस.
पिल्लं कधीच निघून गेलेली.
मी वायर सोलली, पिळली, काळी टेप गुंडाळली.
यांनी एवढंच विचारलं,
पीळ घट्ट दिलास ना?
दिला, म्हटलं.

पावणेपाच. मागून गुणगुण.
तिसऱ्या घरघरीला धरलं.
सायलेन्सरने आधी पाणी थुंकलं, मग पांढरा धूर,
मग शिळ्या पेट्रोलचा आंबूस वास
सगळ्या पार्किंगभर.
निनाद हात धुवायला गेला.
"बंद करू नकोस," हे म्हणाले, "बॅटरी भरू दे थोडी."
चाचपत आले, शेजारी बसले. डावीकडे.
पट्टासुद्धा लावला.
आम्ही कुठे गेलो नाही.

गिऱ्हाईक सव्वापाचला आलं. पंचावन्न म्हणालं,
अठ्ठावन्नला सौदा तुटला.
नोटा मी मोजल्या, दोनदा.
सुपारीची पुडी माझ्या ब्लाउजमध्ये.

गाडी गेटातून निघाली, फाट्याकडे वळली.
हे गेटला धरून उभे.
मला दिसेनाशी झाली तरी
यांची ऐकून संपली नव्हती.
चला, म्हटलं, चहा टाकते.
"थांब."
मग बऱ्याच वेळाने, वैतागून:
"पहिल्यातच ओढतोय गाढव.
दुसरा टाकत नाहीये."