सूत

क्रॅडली हीथच्या भंगारवाल्याकडे
होंडाचे चार पिस्टन चाळीस पौंडांना मिळाले,
चेपलेल्या गाडीतून, जिच्या मागच्या सीटवर
अजून कुणाचा तरी एक मोजा होता.

ब्लॉक माझा फोर्डचा, ओतीव लोखंडाचा,
म्हशीसारखा शांत.
त्याला आठ हजार फेऱ्यांचं वेड लावायचं होतं मला,
आणि शर्यतीच्या पिस्टनची किंमत वाचून
मी मासिक मुकाट मिटलं होतं.

पिन बारीक निघाली.
रॉडच्या डोळ्यात खुळखुळ्यासारखी वाजली.
शेजारच्या ट्रँटरने चष्मा कपाळावर ढकलला,
ब्राँझचा तुकडा लेथला बांधला.
तो म्हणाला, दोन थाऊ ढिली ठेव. मी म्हणाले, अर्धा.
लोक कुंपणावरून भांडतात
तसे आम्ही केसाहून बारीक जागेवरून भांडलो.

उद्यमनगरात अण्णा मापं सुतात सांगायचे,
आठ सूत म्हणजे इंच.
ट्रँटरने विचारलं, आणि सुताच्या खाली?
सुताच्या खाली अंदाज.
हसताना त्याने लेथ बंद केला,
सोळाव्या वर्षापासूनची शिस्त.

रॉड मी कणीक मोजायच्या काट्यावर तोलले.
चौघांत हलका जो, तो प्रमाण;
बाकीच्यांनी झिजायचं.
तीन रात्री कानशीने झिजवलं.

नवरा म्हणाला, हे आपल्यासारखंच की,
परक्या पोटात बसवलेलं.
मी म्हटलं, पिस्टनला पिस्टन राहू दे,
तू टॉर्च नीट धर.

मग शाल्मलीची हिरवी प्लॅस्टिसिन
पिस्टनच्या माथ्यावर थापली,
इंजिन हाताने दोनदा फिरवलं, हेड उचललं.
व्हॉल्व्हने चिखलात उमटवलेली
एक चतकोर कोर.
सर्वांत पातळ जागी दीड मिलिमीटर.
एवढ्यावर सगळं.

रविवारी चर्च सुटल्यावर चालू केलं.
चार हजारांवर खोकलं,
सहावर घसा मोकळा झाला,
आठच्या पुढे आवाजाला अशी धार आली
की मागच्या गल्लीतला कुत्रा भुंकायचा थांबला.
ट्रँटर खिशात हात घालून उभा.
"आर," एवढंच म्हणाला.
इकडे त्याचा अर्थ होय.
आमच्याकडे असं हाक मारतात,
जवळच्याला.

तिसऱ्या सिलिंडरमध्ये काहीतरी टिकटिकतंय अजून.
वहीत लिहिलं:
एकूण तीनशे बारा पौंड,
ब्राँझचे पैसे तो घेत नाही,
प्लॅस्टिसिन शाल्मलीला परत करायची आहे.