चुकल्याचा एक

छोट्या लाइनीवर एकतीस वर्षं फाटक सांभाळलं मी,
हिरवी झेंडी एका हातात, लाल दुसऱ्यात.
गाडी बंद झाली, रुळांत तरोटा माजला,
झेंड्या खुंटीवर राहिल्या.
आणि साठी उलटल्यावर
मडावी मॅडमनं पुन्हा दोन काठ्या हातात दिल्या,
दोन्हीला पांढरं फडकं, माझ्याच जुन्या धोतराचं.
म्हणाल्या, गुलाबभाऊ, तुम्हीच उभे राहा.
निशाण दाखवलेला माणूस गावात दुसरा आहे कोण?

खेळ ऑस्ट्रेलियाचा.
तो देश शाळेच्या नकाशात खाली, उजव्या कोपऱ्यात,
जिथं भिंतीची ओल आली आहे.
चेंडू गोल नाही, डांगरासारखा लांबट,
टप्पा पडला की कुणीकडं वळेल ते त्यालाच ठाऊक.
मैदानही अंड्याच्या आकाराचं,
ई-क्लासच्या पडीक जागेवर फक्कीनं आखलेलं.
गुराख्यांनी त्या दिवशी ढोरं नाल्यापलीकडं नेली.
दोन्ही टोकांना चार-चार बांबू,
शेषराव मांडववाल्याकडून उसने.
मधल्या दोन उंचांतून चेंडू गेला तर सहा, दोन निशाणं.
उंच आणि ठेंगण्याच्या मधून गेला तर एक.
म्हणजे नेम चुकला तरी एक.
मी मॅडमला तीनदा विचारलं,
चुकल्याचाही?
आमच्या खात्यात चुकल्याची चौकशी असायची.

तालुक्याचा शेवटचा सामना, मुलींचा.
आम्ही बोथलीचे, समोर कापऱ्याच्या.
ट्रॉल्या भरून माणसं, उकडलेल्या तुरीच्या शेंगा,
बांधावर डफडं तापवत बसलेले दोघे.
पोट्ट्या काय उडत होत्या!
एकीच्या पाठीवर गुडघा टेकून दुसरी वर,
झाडावरची बोरं ओरबाडावी तसा चेंडू ओरबाडायची.
कापऱ्याची रुख्मा उईके तर खाली येतच नव्हती.
त्यांचे सहा गोल नि दोन चुका, अडतीस.
आमचे पाच गोल नि सात चुका, सदतीस.

जिनिंगचा भोंगा वाजला.
तोच आमचा घड्याळ, तोच शेवट.
पण भोंग्याच्या आधी, अर्ध्या श्वासाआधी,
आचल राठोडनं चेंडू छातीशी धरला होता,
आणि ज्यानं धरला त्याला एक लाथ मिळते, भोंग्यानंतरही.
सगळी ई-क्लास गप्प.
नाल्यापलीकडं एका गाईच्या गळ्यातलं लाकूड वाजलं.
आचलनं बुटाची नाडी बांधली. उगाच बांधली, ती सुटली नव्हती.
चार पावलं. लाथ.
चेंडू कलंडत, गिरक्या घेत, माझ्याच डोक्याकडं
आणि उंच बांबूंच्या मधून आत.
बांधावरून डफडं फुटलं, टोप्या उडाल्या,
कुणी ट्रॉलीवरून खाली पडलं.

पण मी ऐकलं होतं.
टक्.
डाव्या उंच बांबूला, वरच्या पेराशी,
नखानं कवाड वाजवावं एवढंच.
बांबूला लागला की सहाचा एक होतो.

रुळाला कान लावून गाडी ओळखायचो मी.
एकतीस वर्षांत मोकळ्या फाटकाला बंद म्हटलं नाही,
बंदला मोकळं म्हटलं नाही.
दोन्ही काठ्या हातात होत्या.
गाव माझ्याकडं बघत होतं, पुतण्या बघत होता,
उद्या याच गावात दूध आणायला जायचं होतं.

एक निशाण वर केलं.

आठवी चूक. अडतीस-अडतीस.
डफडं मध्येच थांबलं,
बरोबरीला काय वाजवतात, त्यांना माहीत नव्हतं.
कुणी म्हणालं, म्हातारा बहिरा झाला.
कुणी माझ्या रेल्वेला शिवी दिली.
मॅडमनं कागद उलगडून वाचलं :
बरोबरी झाली तर पुढच्या रविवारी पुन्हा, पहिल्यापासून.

माणसं पांगल्यावर आचल आली,
ढोपर फुटलेलं, त्यावर माती चोळलेली.
"लागला काय जी, आबा?"
"लागला."
ती बांबूकडं बघत राहिली.
"मले बी वाटलंच. पाय सांगते ना."
आणि माझ्या खिशातल्या शेंगा घेऊन गेली.

सोमवारी शेषरावनं बांबू उपटले,
बुधवारी त्यांच्यावर कुणाच्या तरी लग्नाचा मांडव आहे.
डाव्या उंचाला मी सुतळी बांधून ठेवली आहे,
रविवारी तोच, त्याच जागी रोवायचा म्हणून.